टीव्ही आणि प्रसारणाची परिभाषा डॅनिशमध्ये आणताना

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार. मी डेन्मार्कमध्ये ऑर्हुस येथे राहतो आणि टीव्हीवरचे कार्यक्रम संगणकावर मुद्रित (रेकॉर्ड) करून ठेवणाऱ्या एका मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या डॅनिश अनुवादाला फावल्या वेळात हातभार लावतो. मी कच्चा अनुवाद करतो आणि डॅनिश मातृभाषा असलेले सहकारी तो तपासतात. परक्या भाषेत अनुवाद करणे हा उलटा कारभार आहे, हे मला मान्य आहे. परंतु वाहिनी, कार्यक्रम, भाग, पुनःप्रसारण, चित्रमुद्रण या नित्याच्या शब्दांमागे त्या देशातील प्रसारणाचा इतिहास कसा दडलेला असतो, हे या कामामुळेच लक्षात आले. या मंचावर परिभाषेत रस असणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. डॅनिश उच्चार देवनागरीत धड बसत नाहीत (ते डॅनिश लेखनातही बसत नाहीत, असे शेजारचे स्वीडिश लोक म्हणतात), तेव्हा मी शब्द त्यांच्या लेखनाच्या जवळ राहून लिहीन.

टीव्हीसाठी डॅनिशमध्ये दोन शब्द आहेत: ‘फ्येर्नसून’ आणि ‘टेवे’ या उच्चाराने म्हटली जाणारी दोन रोमन अक्षरे. ‘फ्येर्न’ म्हणजे दूर आणि ‘सून’ म्हणजे दृष्टी. जर्मन शब्दाच्या धर्तीवर घडलेला हा शब्द आपल्या ‘दूरदर्शन’चा सख्खा भाऊ शोभतो. डेन्मार्कमधील नियमित टीव्ही प्रसारण 2 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झाले आणि आपले मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग.

माझे निरीक्षण असे की, एखादी प्रसारणविषयक संज्ञा डॅनिशमध्ये देशी रूपात आहे की इंग्रजी रूपात, हे बहुतेक वेळा ती कोणत्या काळात आली यावरून ठरते. नभोवाणीचे काम 1925 पासून सरकारी मक्तेदारीत होते. त्या संस्थेचे नाव ‘स्टाट्सरादियोफोनिएन’ असे भारदस्त होते. 1959 मध्ये ते ‘डॅनमार्क्स रेडिओ’ झाले आणि आज सगळे नुसते ‘डीआर’ म्हणतात. 1988 च्या 1 ऑक्टोबरला ओडेन्से शहरातून ‘टीव्ही 2’ सुरू होईपर्यंत देशात टीव्हीचे दुसरे राष्ट्रीय केंद्र नव्हते. एकाच संस्थेत काम करणारी मंडळी, तेच तंत्रज्ञ, तेच निवेदक आणि तोच कागदी पत्रव्यवहार, यांतून शब्दांची एक घट्ट वीण तयार झाली. ‘सेन्दे’ म्हणजे पाठवणे, ‘ऊद’ म्हणजे बाहेर, आणि ‘ऊदसेन्देल्से’ म्हणजे प्रसारित झालेला कार्यक्रम. त्याच्या आधी ‘पुन्हा’ या अर्थाचा ‘गेन’ लावला की पुनःप्रसारण होते. पाहणारा तो ‘सेअर’, ऐकणारा तो ‘ल्यूतर’ आणि प्रेक्षकसंख्या म्हणजे ‘सेअरताल’. दिवसभराच्या कार्यक्रमांच्या मांडणीला ‘सेन्देफ्लादे’, म्हणजे शब्दशः प्रसारणाचा पृष्ठभाग, असे म्हणतात, आणि हा शब्द मला विशेष आवडतो. संध्याकाळच्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वेळेलाही देशी शब्दांतच ‘सर्वोत्तम प्रसारणवेळ’ असे म्हटले जाते.

त्यानंतरच्या काळात आलेले बरेच शब्द मात्र इंग्रजीतून सरळ उचललेले आहेत. स्ट्रीमिंग, ब्रेकिंग आणि सार्वजनिक प्रसारणासाठी ‘पब्लिक सर्व्हिस’ हे शब्द संसदेतही तसेच वापरले जातात. मग अनुवादकाने काय करायचे? जुन्या वळणाचे नवे देशी शब्द घडवायचे की चालू आहे ते घ्यायचे?

---

शब्दवेल्हाळ

उत्तम विषय. माझे मत स्पष्ट आहे: शब्द घडवावेत. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, दूरध्वनी हे सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द सुरुवातीला हास्यास्पद ठरवले गेले होते. आज ते कोणालाही खटकत नाहीत. डेन्मार्कमध्ये तर ही परंपरा त्याहून जुनी आहे. विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणाऱ्या ओर्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्राणवायूला ‘इल्त’ आणि हायड्रोजनला ‘ब्रिन्त’ अशी अग्नी आणि ज्वलन सुचवणारी देशी नावे दिली आणि ती आजही शाळेतल्या पुस्तकात आहेत. ज्या भाषेने मूलद्रव्यांची नावे स्वतः घडवली, तिला स्ट्रीमिंगसाठी शब्द सापडू नये, हा आळस म्हणावा लागेल.

---

उत्तरवारा

ओर्स्टेड यांचे उदाहरण चपखल आहे. पण ते विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकासाठी शब्द घडवत होते आणि मी लिहितो आहे तो मजकूर सोफ्यावर बसून रिमोट दाबणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला एका क्षणात कळले पाहिजे.

शिवाय डॅनिश भाषा मंडळाची भूमिकाही लक्षात घ्यावी लागेल. 1955 मध्ये स्थापन झालेले हे मंडळ शुद्धलेखनाचा अधिकृत कोश काढते आणि शाळा व सरकारी कार्यालयांवर तो कायद्याने बंधनकारक आहे. मात्र, शब्दांची टांकसाळ चालवणे हे मंडळ आपले मुख्य काम मानत नाही. लोक काय वापरतात ते पाहून ते त्याची नोंद घेते. परका शब्द आत आला की त्याला डॅनिश व्याकरणाचे कपडे घातले जातात एवढेच. ‘स्ट्रीमे’ हे क्रियापद घ्या: वर्तमानकाळी ‘स्ट्रीमर’, भूतकाळी ‘स्ट्रीमेदे’. स्ट्रीमिंग सेवेला ‘स्ट्रीमिंगत्येनेस्ते’ असा एकसंध शब्द आहे आणि त्यातले ‘त्येनेस्ते’ अस्सल देशी आहे. येथे समास जोडून लिहिणे सक्तीचे आहे. इंग्रजीच्या प्रभावाने तो तोडून लिहिला की तपासणारे सहकारी चिडतात, आणि त्यांचे चिडणे योग्यच आहे.

सर्वांत मजेदार उदाहरण ‘फ्लो-टीव्ही’चे आहे. ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम दाखवणाऱ्या पारंपरिक वाहिन्यांना डॅनिश माणूस हा शब्द सर्रास वापरतो. दिसायला तो पक्का इंग्रजी आहे; पण लंडनमधल्या सामान्य प्रेक्षकाला तो सांगितला तर त्याला बोध होईल असे नाही. प्रसारमाध्यमांच्या अभ्यासातली ‘प्रवाहा’ची कल्पना येथे थेट घरगुती बोलण्यात उतरली. आता याला परका शब्द म्हणायचे की देशी?

---

उपशीर्षक

मी कोपनहेगनमध्ये मालिकांच्या उपशीर्षकांचे काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

डेन्मार्कमध्ये परदेशी कार्यक्रम मूळ आवाजात, खाली डॅनिश ओळी देऊन दाखवण्याची रीत आहे. आवाज बदलला जातो तो प्रामुख्याने लहान मुलांच्या कार्यक्रमांत, कारण त्यांना अजून भराभर वाचता येत नाही. आमच्या कामात जागा फार तुटपुंजी असते. टीव्हीची जुनी मर्यादा एका वेळी दोन ओळी आणि एका ओळीत साधारण 36 अक्षरे अशी होती, आणि आजही फार सैल झालेली नाही. त्यामुळे ‘फ्येर्नसून’ की ‘टेवे’ हा प्रश्न आमच्यापुढे तत्त्वाचा नसून अक्षरांचा असतो. आठ अक्षरांऐवजी दोन अक्षरांत भागत असेल तर दोनच घ्यावी लागतात. मात्र, पात्र वयस्कर असेल किंवा कथा साठ-सत्तरच्या दशकातली असेल, तर मी हट्टाने ‘फ्येर्नसून’ लिहिते, कारण संध्याकाळी ‘फ्येर्नसून बघणारे’ आजोबा त्या एका शब्दाने उभे राहतात.

उपशीर्षकांना ‘ऊन्दर्तेक्स्तर’ म्हणतात आणि ती लिहिणाऱ्या माणसाला ‘तेक्स्तर’. गंमत अशी की ‘तेक्स्तर’ हे ‘मजकूर’ या शब्दाचे अनेकवचनही आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रेयनामावली दिसत असेल तर हा शब्द एकटा ठेवू नका. बधिर प्रेक्षकांसाठीच्या ओळी वर्षानुवर्षे टेलिटेक्स्टच्या (टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पाने दाखवणाऱ्या सेवेच्या) 399 क्रमांकाच्या पानावर मिळत आल्या आहेत, त्यामुळे ‘399’ हा आकडा अनेक घरांत जवळजवळ शब्दासारखाच वापरला जातो. उपशीर्षकांच्या यादीत भाषेचे नाव आणि ही श्रवणसाहाय्याची सोय वेगवेगळी दाखवावी, अशी विनंती.

---

मोडीवाचक

श्रेयनामावलीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दिग्दर्शक, निर्माता, संपादक यांना काय म्हणतात? युरोपीय भाषांत हे शब्द सारखेच दिसत असल्याने अनुवाद सोपा जात असावा, असा माझा समज आहे.

---

उत्तरवारा

सारखे दिसतात म्हणूनच घात होतो.

चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या दिग्दर्शकाला डॅनिशमध्ये ‘इन्स्त्रुक्तोर’ म्हणतात. ‘दिरेक्तोर’ हाही शब्द आहे, पण तो कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखासाठी. डीआरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला ‘जेनेरालदिरेक्तोर’ म्हणतात. कार्यक्रमाच्या माहितीत इंग्रजी शब्दावरून आपोआप ‘दिरेक्तोर’ उमटला, तर प्रत्येक चित्रपटाला एक व्यवस्थापकीय संचालक मिळतो. यंत्रानुवादाने भरलेल्या काही परदेशी मेन्यूंमध्ये हा प्रकार मी खरोखर पाहिला आहे.

संपादकाची दोन माणसे होतात. दृश्ये जुळवणारा तो ‘क्लिपर’, म्हणजे कापणारा. बातमी किंवा आशय ठरवणारा तो ‘रेदाक्तोर’. माहितीपटांच्या जगात ‘तिलरेत्तेलेगर’ नावाचे एक पद आहे, ज्याला चांगला प्रतिशब्द मला इंग्रजीतही सापडलेला नाही. विषयाचा शोध, मुलाखती, मांडणी आणि पुष्कळदा दिग्दर्शन असे सगळे तो माणूस करतो. शब्दाचा अर्थ ‘नीट लावून ठेवणारा’ असा आहे. निर्मात्याला मात्र इंग्रजीतलाच शब्द आहे. सूत्रसंचालक म्हणजे ‘वेर्त’, यजमान; स्टुडिओतून बातम्या चालवणारा तो ‘स्तूदिएवेर्त’. बातमीपत्रातल्या एका तुकड्याला ‘इन्दस्लाग’ म्हणतात.

‘स्पीकर’ या शब्दाची तऱ्हा निराळीच आहे. डॅनिशमध्ये तो दृश्यामागून निवेदन करणारा माणूस आहे आणि त्याच्या निवेदनाला ‘स्पीक’ म्हणतात. ध्वनी जिथून बाहेर पडतो त्या यंत्राला ‘हॉइतालर’, म्हणजे मोठ्याने बोलणारा, असा पूर्ण देशी शब्द आहे. ध्वनीच्या मेन्यूत इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर वापरणाऱ्याला वाटेल की निवेदकांची संख्या निवडायची आहे.

---

धागादोरा

मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे, डॅनिश मला येत नाही. पण अनुवादाच्या फायलीत ‘नवीन’ असा एक सुटा शब्द असतो आणि तो दहा ठिकाणी वापरला जातो. मराठीत आपण ‘नवीन’ लिहून सुटतो. ‘नवा, नवी, नवे’ लिहिण्याची वेळ आली की अडकतो. डॅनिशमध्ये हा त्रास आहे का?

---

उत्तरवारा

पुरेपूर आहे. डॅनिशमध्ये दोन लिंगे आहेत. ‘कनाल’ म्हणजे वाहिनी सामान्यलिंगी, म्हणून ‘न्यू कनाल’, ‘प्रोग्राम’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘न्यूत प्रोग्राम’, अनेकवचनात ‘न्ये’. इंग्रजीत एकच शब्द असल्याने मूळ लेखकाला तिन्हींसाठी एकच ओळ पुरते आणि आम्ही मात्र त्यांतले एक रूप निवडून उरलेल्या दोन ठिकाणी चुकतो. काही विशेषणे सुदैवाने बदलत नाहीत. ‘अज्ञात’ या अर्थाचा ‘ऊकेन्त’ मुळातच त-कारान्त असल्याने वाहिनीलाही चालतो आणि कार्यक्रमालाही. जिथे ओळी वेगळ्या करून मिळत नाहीत तिथे मी अशा विशेषणांच्या आडोशाला जातो.

आज्ञांच्या बाबतीत डॅनिश सोपी आहे. बटणावर आज्ञार्थी रूप लिहिण्याची रूढी आहे: ‘गेम’ म्हणजे जतन कर, ‘लुक’ म्हणजे बंद कर, ‘आफस्पिल’ म्हणजे वाजव किंवा चालव, ‘ओप्ताग’ म्हणजे मुद्रित कर. अडचण येते ती चित्रमुद्रणासाठीच्या इंग्रजी शब्दाची, कारण इंग्रजीत ‘मुद्रण’ आणि ‘मुद्रण चालू आहे’ यांना एकच रूप आहे. डॅनिशमध्ये पहिल्याला ‘ओप्तागेल्से’ आणि दुसऱ्याला ‘ओप्तागर’ म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपक्याशेजारी दुसरे रूप हवे आणि यादीच्या डोक्यावर पहिल्याचे अनेकवचन. नुसती फाइल पाहून हे कळत नाही. सॉफ्टवेअर चालवून तो पडदा प्रत्यक्ष पाहावा लागतो. तुमच्यासारख्या विकासकांनी प्रत्येक ओळीच्या वर ‘हे नाम आहे’ किंवा ‘ही स्थिती आहे’ एवढी टीप लिहिली, तर जगातील निम्मे अनुवादक दुवा देतील.

---

धागादोरा

टीप लिहिण्याचे मनावर घेतो. वेळ आणि वर्णक्रम यांबद्दलही लिहा, कारण कार्यक्रमपत्रिकेत या दोन गोष्टी सर्वांत आधी डोळ्यांत भरतात.

---

उत्तरवारा

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने आणि मध्ये टिंब देऊन लिहितात. टीव्ही 2 चे सायंकाळचे बातमीपत्र 19.00 चे, असे. इंग्रजी वळणाचे विसर्गचिन्हही चालते, पण छापील कार्यक्रमपत्रिकेची सवय असलेल्या डोळ्याला टिंब बरे दिसते. बोलण्यातला फरक मराठी माणसाने विशेष जपावा: डॅनिश माणूस ‘हाल्व ओत्ते’, म्हणजे अर्धा आठ म्हणतो, तेव्हा साडेसात वाजलेले असतात. आपण साडेआठ समजून टीव्ही लावला तर कार्यक्रम संपलेला असतो.

वर्णमालेत झेडनंतर आणखी तीन अक्षरे येतात आणि त्यांतले शेवटचे, ‘ऑ’ उच्चाराचे व डोक्यावर वर्तुळ असलेले अक्षर 1948 च्या लेखनसुधारणेत अधिकृत झाले. त्याआधी ते दोन ए जोडून लिहीत. आमच्या ऑर्हुस शहराने 2011 पासून पुन्हा दोन ए स्वीकारले. तरीही कोशात आणि यादीत ते नाव वर्णमालेच्या शेवटी जाते. टीव्ही 2 च्या आठ प्रादेशिक केंद्रांत पूर्व युटलंडचे नाव ‘ओ’वर तिरपी रेघ असलेल्या अक्षराने सुरू होते, तेही साध्या ओच्या जागी न जाता झेडच्या पुढे गेले पाहिजे. संगणकाला डॅनिश क्रम सांगितला की तो हे सगळे सांभाळतो. इंग्रजी क्रम ठेवला तर प्रेक्षकाला आपले केंद्र सापडत नाही.

---

शब्दवेल्हाळ

जाहिरातींचे काय? आणि बातम्यांना तिथे ‘वृत्तपत्र’ म्हणतात असे ऐकले होते, ते खरे का?

---

उपशीर्षक

खरे आहे, आणि त्याला कारण आहे. नभोवाणीवरच्या बातम्या 1926 पासून 1964 पर्यंत नभोवाणी संस्था नव्हे, तर दैनिकांची संघटना तयार करत असे, म्हणून त्या ‘रेडिओआवीस’, नभोवाणीवरचे वर्तमानपत्र. डीआरने बातम्या स्वतःकडे घेतल्यावर 1965 मध्ये टीव्हीवरचे दैनिक बातमीपत्र सुरू झाले, त्यालाही त्याच चालीवर ‘टीव्ही-आवीसेन’ नाव मिळाले. हे विशेषनाम असल्याने अनुवादात सामान्य बातमीपत्रासाठी वापरू नये. त्यासाठी ‘न्यूहेद्सऊदसेन्देल्से’ असा लांबलचक पण निर्धोक शब्द आहे.

जाहिरातींसाठी ‘रेक्लामेब्लोक’ आणि ‘रेक्लामेपाउसे’ असे दोन शब्द ऐकू येतात. टीव्ही 2 ला कार्यक्रम मध्येच तोडून जाहिराती दाखवण्याची मुभा नव्हती; त्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये एकगठ्ठा येत, म्हणून ‘ब्लोक’. टीव्ही 3 ही वाहिनी मात्र 1987 च्या अखेरीस लंडनहून प्रसारण करत आली आणि तिथल्या नियमांनुसार ती कार्यक्रमाच्या मध्ये विश्रांती घेऊ शके. माझ्या कानाला म्हणूनच पहिला शब्द टीव्ही 2 चा आणि दुसरा टीव्ही 3 चा वाटतो, जरी आज लोक दोन्ही सरमिसळ वापरत असले तरी. जाहिरात गाळून पुढे जाण्याची सोय असेल तर तिथे दुसरा शब्द अधिक योग्य, कारण ती सोय कार्यक्रमाच्या पोटातल्या जाहिरातींसाठीच असते.

---

मोडीवाचक

‘लायसन्स’विषयी एक शंका. डेन्मार्कमध्ये टीव्हीचा परवाना असे ना?

---

उत्तरवारा

असे. ‘लिसेन्स’ या नावाने प्रत्येक घर ते शुल्क भरत असे. 2022 पासून ते रद्द होऊन डीआरचा खर्च करांतून भागवला जातो. सॉफ्टवेअरच्या वापराच्या अटींनाही तोच शब्द असल्याने मी त्या पानाचे नाव ‘सॉफ्टवेअरलिसेन्स’ असे पूर्ण लिहितो. टीव्हीच्या मेन्यूत एकटा ‘लिसेन्स’ दिसला तर जुन्या लोकांना अजूनही बिल आठवते.

आता सर्वांत चिवट ओळ. मुख्य पडद्यावर पहिलेच बटण इंग्रजीत ‘लाइव्ह टीव्ही’ असे आहे. मुद्रित केलेले नव्हे, तर या क्षणी वाहिनीवर जे चालू आहे ते पाहा, असा त्याचा अर्थ. तुमच्या मते येथे काय असावे?

---

शब्दवेल्हाळ

‘दिरेक्ते’ हा जुना, रुळलेला शब्द आहे ना? आपल्या ‘थेट प्रक्षेपणा’तला ‘थेट’. तोच घ्या.

---

उपशीर्षक

तो येथे चुकीचा ठरेल. ‘दिरेक्ते’ म्हणजे घटना घडत असतानाच दाखवली जात आहे, जसे हँडबॉलचा सामना. वाहिनीवर या क्षणी दहा वर्षांपूर्वीच्या मालिकेचे पुनःप्रसारण चालू असेल, तर ते ‘दिरेक्ते’ कसे? कार्यक्रमपत्रिकेत सामन्यापुढे तो शब्द जरूर लावा, बटणावर नको. ‘फ्लो-टीव्ही’ अर्थाने बरोबर आहे. पण तो वाहिन्यांविषयी बोलताना वापरायचा शब्द आहे, समोर वाहिनी लावताना कोणी तो म्हणत नाही.

---

उत्तरवारा

पटले. तपासणाऱ्या सहकाऱ्यांचेही हेच म्हणणे पडले आणि त्यांच्याशी बोलून नाम सोडून क्रियापद घेतले: बटणावर आता ‘से टेवे’, म्हणजे ‘टीव्ही पाहा’, असे लिहिले आहे. शेजारच्या बटणावर ‘ओप्तागेल्सर’ म्हणजे मुद्रित कार्यक्रम आहेत, त्यामुळे दोहोंतला फरक आपोआप कळतो. ‘दिरेक्ते’ हा शब्द कार्यक्रमाच्या माहितीतल्या लहान खुणेसाठी राखला आहे. मात्र, वाहिनीकडून येणाऱ्या माहितीत तशी नोंद असेल तरच ती खूण उमटेल, आपल्या अंदाजाने नाही. पुढच्या आवृत्तीसाठी फाइल पाठवली आहे. आता वाहिन्या शोधण्याचे पान हाती घेतो, त्यात ट्यूनर आणि अँटेनाच्या तांत्रिक ओळी बऱ्याच आहेत. धागादोरा, तिथे तुमची मदत लागेल.